लिनक्स इन्स्टॉल होताना कॉम्प्युटर हँग होतोय: नेमकं कुठे अडतंय ते आधी शोधा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. घरचा जुना डेस्कटॉप आहे. इंटेलचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, वेगळं बसवलेलं एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड. विंडोज नव्या एसएसडीवर आहे, आणि जुन्या हार्डडिस्कवर फोटो आणि कागदपत्रं. लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह लावून सुरुवात केली तर मेनूत एंटर मारल्यावर स्क्रीन काळी पडली आणि तशीच राहिली. मग मेनूतला कम्पॅटिबिलिटी मोड घेतला. डेस्कटॉप दिसला, पण इन्स्टॉल सुरू केल्यावर अर्ध्यात सगळं थिजलं, माउसचा बाणही हलेना. पुन्हा केलं तर वेगळ्याच ठिकाणी थांबलं. विंडोज मात्र याच मशीनवर सुरळीत चालतंय. तर दुसरी डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा तयार संच) घेऊन बघू, की मशीनच खराब झालंय, असं तुम्ही विचारलंय.

दोन्हींची घाई करू नका. तुमच्या वर्णनात मला एक नाही, दोन वेगळ्या अडचणी दिसतात. मेनूनंतर लगेच काळी पडणारी स्क्रीन ही जवळपास नेहमीच ग्राफिक्सची भानगड असते. इन्स्टॉलच्या मध्यात, तेही दरवेळी वेगळ्या जागी थिजणं याचा ग्राफिक्सशी संबंध असेलच असं नाही. तिथे मी रॅम, पेनड्राइव्ह, तापमान आणि जुनी डिस्क यांच्याकडे बघतो. या दोन्ही गोष्टींना आपण सरसकट 'हँग झालं' म्हणतो आणि मग एकच उपाय दोन्हींवर लावत बसतो.

डिस्ट्रो बदलण्याबद्दल आधी सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच दिवस घालवतात. मिंट आणि उबंटू यांचा पाया एकच. मिंट २२ हे उबंटू २४.०४ वर उभं आहे. फेडोरा, डेबियन यांचं पॅकिंग वेगळं असलं तरी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लिनक्सचाच, आणि एनव्हिडियाच्या कार्डासाठी सुरुवातीला चालणारा नूवो हा खुला ड्रायव्हरही बहुतेक ठिकाणी तोच. डिस्ट्रो बदलल्याने खरा फरक पडतो तो कर्नलची आवृत्ती बदलते म्हणून. मशीन अगदी नवं असेल तर जुन्या कर्नलला त्याचं हार्डवेअर ओळखता येत नाही. डेबियन १२ मध्ये ६.१ कर्नल आहे, उबंटू २४.०४ मुळात ६.८ घेऊन आलं. नव्या लॅपटॉपवर हा फरक निर्णायक ठरू शकतो. तुमच्या जुन्या डेस्कटॉपला तो लागू नाही. तेव्हा मिंटच ठेवा.

आता पहिलं काम. पुढच्या वेळी थिजेल तेव्हा लगेच पॉवरचं बटण दाबून धरू नका. मशीन पूर्ण अडकलंय की फक्त चित्र अडकलंय, ते बघा. कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतोय-विझतोय म्हणजे कर्नल जिवंत आहे, फक्त पडद्यावरचं चित्र थांबलंय. दिवा हललाच नाही तर कर्नल मेला असण्याची शक्यता जास्त, पण खात्री नाही, कारण ग्राफिकल भाग अडकला तरी कधीकधी दिवा प्रतिसाद देत नाही. लॅपटॉपवर कॅप्स लॉकचा दिवा आपोआप लुकलुकत राहिला तर तो कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल पूर्ण कोलमडलाय, तिथे वाट बघण्यात अर्थ नाही. दुसरी चाचणी म्हणजे कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ आली तर मशीन शाबूत आहे आणि आतून सगळी चौकशी करता येते. मिंटच्या लाइव्हमध्ये (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या सिस्टिममध्ये) लॉगिन विचारलं तर नाव मिंट, पासवर्ड रिकामा. परत डेस्कटॉपवर यायला कंट्रोल, ऑल्ट, एफ७. काही डिस्ट्रोंमध्ये तो एफ१ किंवा एफ२ वर असतो.

डिस्कचा दिवाही बघा. डेस्कटॉपच्या कॅबिनेटवर तो असतो आणि फार उपयोगाचा असतो. तो टिमटिमत असेल तर काहीतरी चालू आहे, थांबा. विशेषतः इन्स्टॉलर विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याच्या वाट्याचा भाग) लहान करत असेल तर कितीही वेळ लागो, मशीन बंद करू नका. त्या टप्प्यावर आतला डेटा प्रत्यक्ष सरकवला जात असतो आणि मधेच वीज तोडली तर विंडोज आणि तुमच्या फाइली दोन्ही जाऊ शकतात. आणखी एक फसवं थांबणं असतं. पट्टी शेवटाकडे येऊन बराच वेळ हलत नाही, पण माउस हलतो. बहुधा तिथे भाषेच्या फाइली किंवा मल्टिमीडिया कोडेक (गाणी-व्हिडिओ चालवायला लागणारे भाग) नेटवरून उतरत असतात. नेट मंद असेल तर ते अडकल्यासारखंच दिसतं. म्हणून अडचण असलेल्या मशीनवर मी इन्स्टॉल करताना नेटची केबल काढून ठेवतो आणि कोडेकची खूण करत नाही. ते सगळं नंतर निवांत घेता येतं.

बंद करावंच लागलं तर त्यातल्या त्यात सभ्य मार्ग आहे. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरायचं आणि एकेक करून, मधे दोन-तीन सेकंद सोडून, एस, यू, बी ही अक्षरं दाबायची. एसने लिहायचं राहिलेलं डिस्कवर उतरतं, यूने पार्टिशनं फक्त वाचण्यापुरती होतात, बीने मशीन पुन्हा सुरू होतं. यातून कर्नल जिवंत होता की नाही हेही कळतं. बीने मशीन रिस्टार्ट झालं तर होता.

आता काळी स्क्रीन. पेनड्राइव्हचा मेनू आला की पहिल्या ओळीवर थांबा, एंटर न मारता ई दाबा. काही मेनूंमध्ये ई चालत नाही, तिथे टॅब दाबायचं. बूटच्या सूचना दिसतील. त्यात लिनक्स या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा. तिच्या शेवटाकडे क्वाएट आणि स्प्लॅश असे दोन शब्द असतात. त्यांचं काम मजकूर लपवून लोगो दाखवण्याचं. ते दोन्ही पुसून टाका आणि त्यांच्या जागी नोमोडसेट लिहा. नो, मोड, सेट हे तीन शब्द इंग्रजी छोट्या अक्षरांत, मधे जागा न सोडता. मग एफ१० किंवा कंट्रोल-एक्स. टॅबने उघडलेल्या मेनूत नुसतं एंटर. हा बदल फक्त त्या एका बूटपुरता असतो, काही चुकलं तर रिस्टार्ट केल्यावर सगळं होतं तसं.

नोमोडसेटने होतं काय, तर कर्नलमधल्या ग्राफिक्स ड्रायव्हरला स्वतःहून स्क्रीनचा ताबा घेऊ दिला जात नाही. मशीन चालू होताना बायोसने (मदरबोर्डवरच्या सुरुवातीच्या प्रोग्रामने) जो साधा पडदा लावून दिलेला असतो त्यावरच काम चालतं. चित्र जाडं-भरडं दिसेल, रिझोल्यूशन कमी असेल, खिडक्या सावकाश सरकतील. इन्स्टॉल करण्यापुरतं ते पुरतं. कम्पॅटिबिलिटी मोडमध्येही अशाच सावध सूचना दिलेल्या असतात, म्हणून तुम्हाला तिथे डेस्कटॉप दिसला. पण मला स्वतः ओळ लिहिणं जास्त पसंत आहे, कारण मग मी नेमकं काय बदललं ते मला माहीत असतं, आणि क्वाएट-स्प्लॅश काढल्याने मजकूर समोर येतो. मशीन कुठे थांबलं हे त्या मजकुराची शेवटची ओळ सांगते. मोबाइलने तिचा फोटो काढा. लाइव्ह सिस्टिमचे लॉग रॅममध्ये असतात, रिस्टार्ट झालं की गेले, म्हणून फोटो हाच पुरावा.

तुमच्या प्रोसेसरमध्ये इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स असेल आणि मदरबोर्डवर मॉनिटरचा पोर्ट असेल तर याहून खात्रीची चाचणी करता येते. मशीन बंद करून, प्लग काढून, एनव्हिडियाचं कार्ड बाहेर काढा आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावा. साधं बूट झालं तर काळ्या स्क्रीनचा दोष कार्डाकडे किंवा त्याच्या ड्रायव्हरकडे जातो, यात शंका राहत नाही.

खरी मेहनत पुढच्या भागात आहे, म्हणजे मध्यातच थिजण्याच्या. इथे मी एक प्रश्न सगळ्यात आधी विचारतो: दरवेळी एकाच जागी थांबतं, की जागा बदलते? एकाच जागी थांबत असेल तर कारण ठरलेलं असतं. डिस्कचा एक खराब भाग, पेनड्राइव्हवरची एक बिघडलेली फाइल, किंवा एखादा विशिष्ट ड्रायव्हर. जागा बदलत असेल तर कारण अस्थिर असतं: रॅम, उष्णता, वीज पुरवठा, ढिली केबल. तुमची जागा बदलतेय, त्यामुळे माझा कल रॅम आणि उष्णतेकडे आहे. पण दोनच वेळचा अनुभव त्यासाठी थोडा आहे, म्हणून पुढची पायरी गाळू नका.

इन्स्टॉल सुरू करा आणि फाइली कॉपी व्हायला लागल्या की कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने मजकुराच्या पडद्यावर जा. तिथे सुडो (एस, यू, डी, ओ; पुढची कमांड पूर्ण अधिकाराने चालवणारा शब्द), मग जागा सोडून डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरं सलग, मग जागा सोडून उणे चिन्ह आणि डब्ल्यू, एवढं लिहून एंटर मारा. कर्नल जे काही बोलतोय ते आता थेट समोर येत राहील. मशीन थिजलं तरी शेवटच्या ओळी पडद्यावर राहतात. त्या कशा वाचायच्या ते सांगतो.

स्क्वॉशएफएस एरर अशी ओळ, आणि तिच्यात डीकम्प्रेशन फेल्ड किंवा अनेबल टू रीड असे शब्द, तर पेनड्राइव्हवरून वाचलेला डेटा खराब आलाय. लाइव्ह सिस्टिम ही पेनड्राइव्हवरची एक मोठी, दाबून भरलेली फाइल असते आणि तिचा हवा तो तुकडा हवा तेव्हा उलगडला जातो. म्हणून डेस्कटॉप छान चालतो, ब्राउझर उघडतो, आणि इन्स्टॉलमध्ये मात्र ती सगळी फाइल पहिल्यांदा संपूर्ण वाचली जाते तेव्हा खराब तुकडा सापडतो. दोष पेनड्राइव्हचा असू शकतो, डाउनलोडचा असू शकतो, किंवा वाचलेलं ठेवायच्या रॅमचा.

एटीए आणि पुढे आकडा, मग एक्सेप्शन, फेल्ड कमांड, हार्ड रीसेटिंग लिंक, अशा ओळी पुन्हा पुन्हा येत असतील तर एखादी डिस्क उत्तर देत नाहीये. कर्नल तिला हाक मारतो, थांबतो, जोडणी नव्याने करतो, पुन्हा हाक मारतो. प्रत्येक वेळी बराच वेळ जातो आणि तेवढ्या वेळात डिस्कची वाट बघणारं सगळं गोठलेलं दिसतं. आय-ओ एरर आणि पुढे एसडीए किंवा एसडीबी असं नाव आलं तर कोणती डिस्क तेही कळलं.

आउट ऑफ मेमरी ही ओळ स्वतःच बोलते. ८ जीबीमध्ये ती यायला नको. २ जीबीच्या मशीनवर मात्र हेच सर्वात मोठं कारण असतं, कारण चालू असलेली लाइव्ह सिस्टिम स्वतःच बरीच रॅम व्यापते आणि इन्स्टॉलरला जागाच उरत नाही. तशा मशीनवर डेबियनचा मजकुरी इन्स्टॉलर वापरावा आणि नंतर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप घ्यावा.

सॉफ्ट लॉकअप, सीपीयू अमुक स्टक फॉर २२ सेकंद, ही ओळ लोकांना घाबरवते. तिचा अर्थ एवढाच की प्रोसेसरचा एक भाग वीसहून जास्त सेकंद कर्नलमधल्या एकाच कामात अडकून राहिला. त्याच्या खाली जी लांब यादी येते तिच्यात नूवो हे नाव वारंवार दिसत असेल तर दोषी ग्राफिक्स ड्रायव्हर. आणि एमसीई, हार्डवेअर एरर असे शब्द आले तर प्रोसेसरने स्वतःच कळवलंय की हार्डवेअरमध्ये चूक सापडली. तेव्हा सॉफ्टवेअरच्या मागे लागणं सोडून द्यायचं.

काहीच ओळ न येता गप्पकन सगळं थांबलं, तर मला रॅम, उष्णता किंवा पॉवर सप्लायचा संशय येतो. त्या थिजण्यात कर्नलला तक्रार लिहायलाही वेळ मिळत नाही.

आता एकेक करून बघू. पेनड्राइव्हपासून सुरुवात करा, कारण ते सगळ्यात स्वस्तात आणि सगळ्यात आधी निकालात निघतं. डाउनलोड केलेल्या आयएसओ फाइलचा (पेनड्राइव्हवर लिहायच्या मिंटच्या फाइलचा) शा-२५६ चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, काढा आणि मिंटच्या साइटवर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर सर्टयुटिल नावाची कमांड अंगभूत असते, तिला हॅशफाइल हा पर्याय, फाइलचं नाव आणि शा२५६ दिलं की आकडा येतो. सुरुवातीची चार अक्षरं जुळली म्हणून सोडू नका, पूर्ण बघा. मग पेनड्राइव्ह पुन्हा लिहा. लिहून झाल्यावर तपासणी करणारं साधन वापरा, बलेना एचर हे आपणहून करतं. पेनड्राइव्ह लिहायला रुफस वापरत असाल आणि नेहमीच्या पद्धतीने लिहिलेला पेनड्राइव्ह त्रास देत असेल तर डीडी पद्धतीने (आयएसओ जशीच्या तशी उतरवून) लिहून बघा. डेस्कटॉपवर कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट आत एका लांब वायरने जोडलेले असतात आणि तिथे गडबड होते हे मी वारंवार पाहिलंय.

मग रॅम. 'विंडोज व्यवस्थित चालतं, म्हणजे रॅम ठीक आहे' हा तर्क मला रोज ऐकायला मिळतो आणि तो समजण्यासारखा आहे, पण टिकत नाही. रॅममधली एखादी जागा खराब असेल तर ती जागा कोणाच्या वाट्याला येते यावर सगळं अवलंबून असतं. विंडोजमध्ये तिथे एखाद्या चित्राचा तुकडा बसला तर तुम्हाला कळणारही नाही. लिनक्स रिकामी रॅम वाचलेल्या-लिहिलेल्या फाइली साठवायला वापरतो, आणि इन्स्टॉलमध्ये काही जीबी डेटा त्यातून जातो. त्यामुळे खराब जागेवर पाय पडणारच. तपासायला मेमटेस्ट८६ प्लस वापरा. बऱ्याच इन्स्टॉलरच्या मेनूत ते असतं. नसेल तर वेगळ्या पेनड्राइव्हवर ६ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, कारण त्याआधीची ५ क्रमांकाची मालिका फक्त जुन्या पद्धतीच्या बायोसवर चालायची, यूईएफआयवर, म्हणजे बायोसच्या नव्या रूपावर, नाही. सिक्युअर बूट (मान्यता नसलेल्या प्रोग्रामने मशीन सुरू होऊ न देणारं सेटिंग) त्याला अडवत असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. रात्री लावून ठेवा, किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या, जमल्यास जास्त. लाल रंगात एकही चूक दिसली तर ती 'थोडीशी' नसते. रॅमच्या दोन स्टिक असतील तर एक काढून दुसरीवर, मग उलट, असं करून दोषी शोधा. त्याआधी दोन्ही काढून, सोनेरी टोकं स्वच्छ कोरड्या कपड्याने पुसून, घट्ट बसवून बघा. जुन्या डेस्कटॉपमध्ये अनेकदा तेवढ्यानेच काम होतं. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) चालू असेल तर ते बंद करून रॅम तिच्या मूळ वेगावर चालवा.

जुन्या हार्डडिस्कबद्दल मी आग्रहाने सांगतो. त्यावर तुमचे फोटो आहेत. या सगळ्या खटाटोपाच्या आधी त्यांची दुसरीकडे प्रत करून ठेवा. मग मशीन बंद करून त्या डिस्कची डेटा केबल आणि पॉवर केबल दोन्ही काढून टाका, आणि फक्त एसएसडी ठेवून इन्स्टॉल करा. यात दोन फायदे. चुकून भलत्या डिस्कवर इन्स्टॉल होऊन फोटो पुसले जाण्याची भीती उरत नाही. आणि दुसरं म्हणजे, इन्स्टॉलर शेवटी बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) बसवताना मशीनमधल्या सगळ्या डिस्कवर दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम शोधत फिरतो. माझ्याकडे आलेल्या एका मशीनमध्ये नवी एसएसडी उत्तम होती, इन्स्टॉल तिच्यावरच चाललं होतं, आणि तरी शेवटच्या टप्प्यावर ते दरवेळी अडकायचं. पडद्यावर हार्ड रीसेटिंग लिंक या ओळी येत होत्या त्या एसएसडीच्या नव्हत्याच, शेजारच्या मरणासन्न हार्डडिस्कच्या होत्या. ती केबल काढली आणि इन्स्टॉल विनातक्रार पार पडलं.

त्या डिस्कची तब्येत तपासायला लाइव्हमध्ये डिस्क्स नावाचं अॅप आहे. डिस्क निवडा, वरच्या मेनूत स्मार्ट डेटाचा पर्याय आहे. तिथल्या लांबलचक तक्त्यात मी तीन ओळी बघतो. क्रमांक ५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णयाच्या प्रतीक्षेतले सेक्टर. १९९ म्हणजे डेटा केबलवरून जाता-येता झालेल्या चुका. पहिल्या दोनमध्ये शून्यापेक्षा मोठा आकडा असेल आणि तो वाढत असेल तर डिस्क निरोप घेतेय, फोटो लगेच हलवा. फक्त १९९ वाढत असेल तर डिस्क बहुधा चांगली असते आणि केबल बदलून भागतं. वर 'डिस्क इज ओके' असं लिहिलेलं असलं तरी आकडे स्वतः बघा.

उष्णतेचं थोडक्यात. इतक्या वर्षांच्या मशीनमध्ये प्रोसेसरवरची पेस्ट सुकलेली आणि पंख्यात धूळ असणं साहजिक आहे. दाबलेली फाइल उलगडताना प्रोसेसरवर सतत भार असतो. कॅबिनेटची बाजू उघडून, पंखे फिरताहेत ना ते बघून, धूळ झटकून एकदा इन्स्टॉल करून बघा. उघड्या कॅबिनेटमध्ये जास्त वेळ टिकलं तर दिशा मिळाली.

बायोसमध्ये हात घालण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. विंडोज एसएसडीवर राहू द्यायचं आहे म्हणून दोन इशारे. डिस्कचा मोड (मदरबोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ते) आरएसटी किंवा रेडवर असेल तर लिनक्सच्या इन्स्टॉलरला बऱ्याचदा डिस्क दिसत नाही, आणि लोक तो लगेच एएचसीआय या साध्या पद्धतीवर नेतात. मग विंडोज निळ्या पडद्यावर जातं. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग मोड बदलायचा, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्यायचं, मग नेहमीवर आणायचं. दुसरा इशारा बिटलॉकरचा, म्हणजे विंडोज डिस्कला जे कुलूप लावतं त्याचा. ते चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घेतल्याशिवाय बायोसमध्ये किंवा पार्टिशनमध्ये काहीच बदलू नका. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असताना विंडोज 'बंद' केलं तरी पार्टिशन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतं आणि इन्स्टॉलर त्याला हात लावायला नकार देतो किंवा गोंधळतो.

सिक्युअर बूटमुळे मध्यात थिजायला होत नाही. ते एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला नंतर अडवू शकतं, पण तुमच्या आत्ताच्या अडचणीसाठी ते उगाच बदनाम होतं.

इतकं करून इन्स्टॉल पूर्ण झालं की पहिल्याच बूटला स्क्रीन पुन्हा काळी पडेल अशी तयारी ठेवा. यात काही बिघडलेलं नसतं. नोमोडसेट तुम्ही पेनड्राइव्हच्या बूटला दिलं होतं, नव्या सिस्टिमला त्याची खबर नसेल. मशीन सुरू होताना एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट, दाबून ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरचा, मेनू आणा आणि तोच ई-चा प्रकार पुन्हा करा. डेस्कटॉप आला की नेट जोडा, ड्रायव्हर मॅनेजर उघडा आणि तो ज्या एनव्हिडिया ड्रायव्हरची शिफारस करतो तोच बसवा. जुन्या कार्डांना सगळ्यात नवा ड्रायव्हर चालत नाही, म्हणून आकडा मोठा बघून निवडू नका. एनव्हिडियाच्या साइटवरून फाइल उतरवून बसवण्याचा मोह टाळा, पुढच्या कर्नल अपडेटला ती हमखास त्रास देते. रिस्टार्ट केल्यावर नोमोडसेट लागणार नाही. ते ग्रबच्या सेटिंगमध्ये कायमचं लिहून ठेवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी सापडेल, तो मला पटत नाही. तसं केलं तर चांगलं कार्ड असूनही मशीन कायम त्या तात्पुरत्या पडद्यावर अडकून राहू शकतं. एसीपीआय (सिस्टिमला हार्डवेअरची आणि विजेची व्यवस्था पाहू देणारा दुवा) बंद करण्याच्या सल्ल्याबद्दलही तेच. निदानासाठी एकदा वापरून बघायला हरकत नाही, पण त्याने पॉवरचं बटण, पंख्यांचं नियंत्रण, कधी प्रोसेसरचे सगळे कोअरसुद्धा हातचे जातात.

याच अडचणीसाठी हे वाचणाऱ्या इतरांचं मशीन वेगळं असेल, म्हणून दोन-तीन ओळखीच्या गोष्टी. इन्स्टॉल नीट होतं आणि मशीन रिकामं बसलेलं असतानाच थिजतं, असं असेल तर वीज वाचवण्याच्या गाढ झोपेतून प्रोसेसर नीट उठत नाहीये. इंटेलच्या बे ट्रेल मालिकेतल्या छोट्या प्रोसेसरवर हा त्रास प्रसिद्ध होता आणि बूटच्या ओळीत इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१ लिहिल्याने थांबायचा. सुरुवातीच्या रायझनवर बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल हे सेटिंग टिपिकल करंट आयडलवर नेल्याने फरक पडायचा. एनव्हीएमई एसएसडी अचानक गायब होऊन सगळं थिजत असेल तर तिच्या झोपेची मर्यादा शून्य करणारं एनव्हीएमई_कोर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=० लिहून बघतात. तुमच्या डेस्कटॉपवर यातलं काही आत्ता करू नका.

क्रम असा ठेवा: फोटोंची प्रत, जुनी डिस्क सोडवणं, पेनड्राइव्हची तपासणी, रात्रभर मेमटेस्ट, मग नोमोडसेट लिहून आणि नेट काढून इन्स्टॉल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कागदावर लिहीत जा. तीन गोष्टी एकदम बदलून चालू झालं तर कशाने चालू झालं ते कळत नाही, आणि रॅम खराब असेल तर ती पुढे तुमच्या फाइली गुपचूप बिघडवत राहील.

तरीही थिजलं तर मला एवढं कळवा: मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डचं नेमकं मॉडेल, मेमटेस्टच्या किती फेऱ्या झाल्या आणि चुका आल्या का, एसएसडीचे स्मार्ट तक्त्यातले ते तीन आकडे (५, १९७, १९९), थिजल्यावर कॅप्स लॉकचा दिवा चालत होता का, आणि मजकुराच्या पडद्यावरच्या शेवटच्या वीसेक ओळींचा स्पष्ट फोटो. ओळी तिरप्या किंवा धूसर येत असतील तर दोन-तीन फोटो काढा. पहिली चुकीची ओळ बहुतेक वेळा वरच्या बाजूला असते आणि फोटोत नेमकी तीच कापली जाते, तेवढी सांभाळा.